सुतकातली मीटिंग

थोरवत सर दुसऱ्यांदा भेटायला आले, तेव्हा मी ओळखलं की हे कालिंदीसाठी आलेले नाहीत. दुःखाच्या घरी माणूस एकदा येतो. अगदी जवळचा असेल तर रोज येतो. थोरवत जवळचे नव्हते, आणि एक दिवस सोडून परत आले होते.

सोप्यात सतरंजी टाकलेली होती. मी भिंतीला टेकून बसलो होतो. थोरवत समोर मांडी घालून बसले.

"जेवता का काही?"

"जेवतो."

"जेवायला पाहिजे. वहिनींच्या हातचं खाल्लेली माणसं आपण. आता दुसरं काही गोड लागायचं नाही. पण जेवायला पाहिजे."

मी मान हलवली. आतल्या दाराशी आक्का, माझी थोरली बहीण, भिंतीला पाठ लावून बसली होती. ती आलेल्या प्रत्येकाचं बोलणं ऐकायची.

"वहिनींची एक इच्छा होती, खराडे," थोरवत म्हणाले. "मागच्या स्पर्धेला मला स्वतः म्हणाल्या. म्हणाल्या, थोरवत भाऊजी, यंदा कासारमळ्याला घेऊन टाका मंडळात."

कालिंदी थोरवतांना भाऊजी कधी म्हणाली नव्हती. माघारी तर त्यांचं नावही नीट घ्यायची नाही.

"बापूसाहेबांशी बोलून आलोय मी. त्यांनाही फार वाईट वाटलं. म्हणाले, वहिनींच्या नावानं फिरता चषक ठेवू. मुलींच्या खो-खोला. चांगला हातभर उंच. त्यावर लिहायचं, कै. सौ. कालिंदी विष्णू खराडे." त्यांनी हातानं उंची दाखवली. "दर वर्षी नाव वाचलं जाईल माइकवर. माणूस गेलं तरी नाव राहतं. तुम्हाला मूलबाळ नाही, म्हणून म्हणतो."

मग ते उठले, चपला घातल्या आणि न बोलता गेले. दुःखाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. आमच्याकडे ते फार पाळतात.

आक्का म्हणाली, "कशाला आलता रं ह्यो?"

"मताला," मी म्हणालो.

आमच्या खोऱ्यात पाच कॉलेजांचं एक क्रीडा मंडळ होतं. कबड्डी, खो-खो आणि व्हॉलीबॉल. दर हिवाळ्यात आमच्या कॉलेजच्या मैदानावर स्पर्धा, आणि सगळ्यांचं जेवण आमच्या परसात. स्पर्धा लहान होती, पण विद्यापीठाचे निवड समितीवाले आमच्या भागात तेवढ्या एका स्पर्धेला यायचे. मंडळाबाहेरच्या कॉलेजातल्या पोरांकडे कुणी बघत नसे. त्या वर्षी मंडळात आणखी एक कॉलेज घ्यायचं ठरलं आणि दोन अर्ज आले. एक कासारमळ्याचं, बापूसाहेबांचं नवं इंजिनिअरिंग कॉलेज. त्यांच्याकडे प्रेक्षागृह होतं, कबड्डीची मॅट होती, स्वतःच्या बसगाड्या होत्या, आणि फी माफ करून तालमीतून आणलेली तयार पोरं होती. दुसरं धावडगावचं, घाटाखालचं, कला आणि वाणिज्य. त्यांच्याकडे मुलींचा एक खो-खोचा संघ होता. बाकी काही नव्हतं.

मत प्रत्येक कॉलेजच्या क्रीडा शिक्षकाला. दोघं कासारमळ्याकडे, दोघं धावडगावकडे. पाचवा मी.

थोरवतांच्या भाच्याला कासारमळ्यात नोकरी लागणार होती, हे सगळ्यांना माहीत होतं. पण दुसऱ्या बाजूचेही काही धावडगावच्या प्रेमात नव्हते. लोंढे सर त्यांच्यातले पुढारी. कासारमळा आला तर कबड्डीचं बक्षीस कायमचं हातातून जाईल, ही त्यांची भीती. ते पण भेटायला आले. डोळे पुसले. म्हणाले, "वहिनी असत्या तर म्हणाल्या असत्या, गरिबाला घ्या."

मेलेलं माणूस खाली पडून असतं तेव्हा लोक त्याला उचलायला येतात. नंतर पण येतात. मला फार कंटाळा आला होता. रडून झालं होतं आणि झोप येत नव्हती. कुणी आलं की चेहरा तसा ठेवावा लागायचा, त्याचंच ओझं झालं होतं.

खरी अडचण वेगळी होती. ती मी कुणाला सांगितली नव्हती.

नोकरीत लागल्यापासून मला कुणी काही विचारलं की मी म्हणायचो, "विचारून सांगतो." स्पर्धेची तारीख असो, संघात कुणाला घ्यायचं असो, कुणाच्या पोराला जामीन राहायचं असो. लोकांना वाटायचं, खराडे प्राचार्यांना विचारतात. प्राचार्य वाटवे सरांनाही तसंच वाटायचं, आणि ते त्यामुळे माझ्यावर खूश असायचे. मी घरी यायचो आणि कालिंदीला विचारायचो. ती भाजी चिरताना ऐकायची आणि एका वाक्यात सांगायची. दुसऱ्या दिवशी मी तेच सांगायचो. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. तिचं बरोबर असायचं.

हे अर्ज आले तेव्हा ती दवाखान्यात होती. मंडळाचं डोक्यातच नव्हतं. विचारायचं राहून गेलं.

येडगे बाई आल्या त्या दिवशी सकाळपासून कुणी आलं नव्हतं. धावडगावच्या क्रीडा शिक्षिका, शालन येडगे. पंचविशीच्या आतल्या. पायात कॅनव्हासचे बूट होते, ते काढायला वेळ लागला. तोवर आक्का रीतीप्रमाणे पदर तोंडाला लावून तयार बसली होती.

बाई सतरंजीच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "सर, वाईट झालं. पण मी दुःखाला आलेली नाही. खोटं कशाला बोलू? मी मतासाठी आलेय."

आक्काचा पदर खाली आला. "काय बाई म्हणायची! अजून तेरावं नाही झालं."

"मला ठाऊक आहे, मावशी. पण मीटिंग तेराव्याच्या आधीच आहे."

मला हसू आलं. खरंच आलं. आक्का माझ्याकडे बघत राहिली. कालिंदी गेल्यापासून मी पहिल्यांदाच भिंतीपासून पाठ काढून सरळ बसलो.

"सांगा," मी म्हणालो.

"यंदा मंडळात नाव नाही आलं तर संस्था मुलींचा संघ बंद करणार. मी तासावर आहे, मलाही घरी पाठवतील. माझं सोडा. आमची कर्णधार आहे, तानू झोरे. तिचं लग्न ठरलंय. बाप म्हणतो, विद्यापीठात निवड झाली तर वर्षभर थांबतो. निवडवाले आमच्याकडं येत नाहीत. ते तुमच्याकडंच येतात."

"खेळते कशी?"

"खांब मारून वळते तेव्हा तिचा पाय दिसत नाही." बाईंनी सतरंजीवर बोट फिरवून दाखवलं. "आमच्या मैदानाला उतार आहे, सर. वर पळताना दम जातो, खाली पळताना थांबता येत नाही. सपाटीवर आल्या की पोरींना सुट्टी असल्यासारखं वाटतं."

मी त्यांना बरंच काही विचारलं. पाटी, खांब, पाठलाग, कोण कुठे बसते. कितीतरी दिवसांनी मी माझ्या कामाचं बोलत होतो. मग मला आठवलं म्हणून विचारलं, "कालिंदीला भेटला होता का तुम्ही कधी?"

"एकदा. मागल्या स्पर्धेला मी नुसती बघायला आले होते. तुमच्या परसात भेटल्या. चूल पेटवत होत्या. बोललो थोडं."

"काय म्हणाली?"

बाईंनी खाली बघितलं. "चांगल्या होत्या," म्हणाल्या.

आणि उठल्या. बूट घातले, नाड्या बांधल्या, दारातून वळल्या आणि म्हणाल्या, "येते, सर."

आक्कानं कपाळावर हात मारला. "अगं, या घरातनं असं म्हणू नये!"

बाईंनी जीभ चावली. "चुकलं, मावशी." पण शब्द तोंडातून गेला होता.

"कसल्या ह्या मास्तरणी," आक्का नंतर बराच वेळ म्हणत होती. "येते म्हणं."

मीटिंग माझ्या घरात झाली. पाचही जण हजर असल्याशिवाय नवं कॉलेज घ्यायचं नाही असा नियम होता, महिनाअखेरीच्या आत विद्यापीठाला नाव कळवायचं होतं, आणि मला उंबरा ओलांडता येत नव्हता. वाटवे सर मंडळाचे अध्यक्ष. त्यांना मत नव्हतं. निवृत्तीला आले होते, कुणाशी वाईट व्हायचं नाही एवढंच त्यांना हवं होतं. सतरंजीवर सगळे गोल बसले. चहा नव्हता, कारण सुतकाच्या घरी चहा देत नाहीत आणि घेत नाहीत. चहाशिवाय मंडळाची मीटिंग मी तेवढी एकच पाहिली.

आधी भांडण झालं ते माझ्या सहीवरून.

"सुतकात सही चालते का?" लोंढे म्हणाले.

"न चालायला काय झालं? पूजा थोडीच आहे?" थोरवत म्हणाले.

"तसं नाही. उद्या कुणी हरकत घेतली तर?"

"तुम्हीच घ्याल, दुसरं कोण?"

"मी कशाला घेऊ? तुम्हाला नको असेल तर तुम्ही घ्याल."

माझं मत कुठे पडणार हे दोघांनाही माहीत नव्हतं. त्यामुळे सुतक चालतं की नाही हे दोघांनाही पक्कं ठरवता येईना. शेवटी वाटवे सर म्हणाले, "सही पेननं करायची आहे. पेन माझं आहे. झालं?"

मग एकेकानं सांगितलं. थोरवत कासारमळा. त्यांच्या शेजारचे मणेर सर कासारमळा, खाली मान घालून. लोंढे धावडगाव. सावर्डेकर धावडगाव.

"खराडे?" वाटवे सर म्हणाले.

"विचारून सांगतो," मी म्हणालो.

तोंडातून आपोआप गेलं. इतकी वर्षं म्हणत होतो तसंच.

वाटवे सरांनी चष्मा काढला. "मला विचारायची गरज नाही, खराडे. माझ्याकडून तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे."

मी आतल्या दाराकडे बघत होतो. तिथे आक्का तांब्या घेऊन उभी होती. तिच्या लक्षात आलं. तिनं तांब्या खाली ठेवला आणि पदराचा बोळा तोंडात धरून आत गेली. थोरवतांनी माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि त्यांच्याही लक्षात आलं असावं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "खराडे, वहिनींचं मत मी सांगितलंय तुम्हाला. देवाशप्पथ."

"धावडगाव," मी म्हणालो.

का म्हणालो ते मला नीट सांगता येणार नाही. तानू झोरेचा पाय डोळ्यांपुढे आला असं म्हणालो असतो, पण तसं झालं नाही. डोळ्यांपुढे तो चषक आला. हातभर उंच, त्यावर तिचं नाव आणि नावाआधी ते 'कै.' माइकवर दर वर्षी ते अक्षर वाचलं जाणार. मला ते अक्षर नको होतं. एवढंच असेल.

थोरवत उठता उठता म्हणाले, "वहिनींना हे आवडलं नसतं."

"थोरवत, आता पुरे करा," मी म्हणालो.

वाटवे सरांच्या पेननं मी सही केली. सगळे गेले. 'येतो' कुणीच म्हणालं नाही.

धावडगाव मंडळात आलं. पहिल्या वर्षी त्यांच्या पोरी उपांत्य फेरीत एका गुणानं हरल्या आणि परसात बसून ओक्साबोक्शी रडल्या. त्या वर्षी जेवण आचाऱ्यानं केलं होतं. तानूची मात्र निवड झाली. बाप वर्षभर थांबला, नंतर आणखी दोन वर्षं थांबला. पुढे ती पोलिसात गेली.

कासारमळ्याचं काही अडलं नाही. वर्षभरात मंडळानं नियम बदलला आणि त्यांनाही घेतलं. ठराव लोंढ्यांनीच मांडला. त्यांना बापूसाहेबांनी कशानं गप्प केलं ते मी विचारलं नाही. त्यानंतर सगळ्या स्पर्धा तिकडेच होऊ लागल्या. मुलींच्या खो-खोला चषक ठेवला, तो बापूसाहेबांच्या आईच्या नावानं. काही वर्षांनी विद्यापीठानं विभागांची फेररचना केली आणि मंडळच मोडलं. ज्याच्यासाठी माणसं माझ्या सतरंजीवर येऊन रडली, ते आता कुणाला आठवतही नाही.

सुतकात आलेल्यांपैकी पुढे घरी कुणी आलं नाही. मी तक्रार करत नाही. प्रत्येकाला कामं असतात. येडगे बाई मात्र आल्या. त्या दिवाळीत आल्या, पुढच्या दिवाळीत आल्या, नवऱ्याला घेऊन आल्या, मग लेकीला. मी बाईंवरून शालनवर आलो. आक्का होती तोवर प्रत्येक वेळी म्हणायची, "आली बघ, येते म्हणून गेलेली." नंतर नंतर लाडानं म्हणायची. आक्का पण गेली.

गेल्या हिवाळ्यात शालन आली ती थोरवत गेल्याचं सांगायला. तिचेही केस पिकायला लागलेत. माझ्या घरात तिला सगळं माहीत आहे. तिनं चहा केला, दोन कप घेऊन सोप्यात आली आणि सांगितलं.

"बरा गेला का?" मी विचारलं.

"झोपेतच गेले म्हणे."

"नशीबवान. कालिंदीला तीन आठवडे लागले." मी चहा बशीत ओतला. "वाईट बोलू नये, पण एक गोष्ट मी त्याला कधी माफ केली नाही. सुतकात येऊन माझ्या बायकोच्या नावानं खोटं बोलला. देवाची शपथ घेऊन बोलला."

शालननं कप खाली ठेवला.

"सर, ते खोटं बोलत नव्हते."

मी तिच्याकडे बघितलं.

"तुम्ही विचारलं होतं, परसात काय बोलणं झालं म्हणून. मी सांगितलं नव्हतं."

"मग आता सांग."

"मी त्यांच्याकडं शब्द टाकायलाच गेले होते. दोन्ही कॉलेजं अर्ज करणार हे तेव्हाच बोललं जात होतं. मला कुणीतरी सांगितलं होतं की खराडे सरांचं मत परसात ठरतं." ती जरा हसली. "त्यांनी ऐकून घेतलं. मला बसायला पाट दिला. म्हणाल्या, पोरी, तुझ्या मुली चांगल्या आहेत असं ऐकते. पण यांनी विचारलं की मी कासारमळा सांगणार आहे. थोरवतांनाही तेच सांगितलंय."

"का?"

"मी पण विचारलं, का म्हणून. त्या म्हणाल्या, कासारमळा आला की स्पर्धा तिकडं जाईल. त्यांच्याकडं मोठी भटारखान्याची खोली आहे, आचारी आहेत. इतकी वर्षं सगळ्या पंचांचं, सरांचं, बाहेरच्या पोरांचं मीच बघतेय. आता होत नाही. मी दमलेय गं. यांना सांगू नको, यांना वाटतं मला हौस आहे."

बाहेरून कुणीतरी सायकल ढकलत गेलं. तिचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होता. मी तो ऐकत राहिलो.

मलाही वाटायचं तिला हौस आहे. स्पर्धेच्या दिवसांत ती पहाटेपासून परसात असायची. पाठीला हात लावून उभी राहायची. मला वाटायचं, पोरांचा दंगा बघतेय.

"तेव्हा का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही कासारमळा म्हणाला असता. मला मत पाहिजे होतं, सर." ती सरळ माझ्याकडे बघत होती. "तानूचं लग्न ठरलं होतं."

"आणि नंतर?"

"नंतर तोंड झालं नाही. दर वेळी ठरवून यायचे. आज थोरवतांबद्दल बोललात म्हणून."

म्हणजे मी आयुष्यात एकच गोष्ट तिला न विचारता केली, आणि ती तिच्या मनाविरुद्ध केली. मला वाटलं होतं, ऐकून छातीत काहीतरी तुटेल. तसं झालं नाही. मला ती दिसली. विळीवर बसलेली, मान वर न करता म्हणणारी, "झालं का तुमच्या मनासारखं? विचारायचं तरी." तो आवाज मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. तिची आठवण यायची ती नेहमी दवाखान्यातली, गप्प पडलेली. आज ती माझ्यावर चिडली होती. घरात कुणीतरी माझ्यावर चिडलेलं होतं.

"सर, रागावलात?" शालन म्हणाली.

"मी नाही," मी म्हणालो. "ती रागावलीय."

शालननं आतल्या दाराकडे बघितलं. मीही बघितलं. मग तिनं दोन्ही कप उचलले, मोरीत नेऊन धुतले, पालथे घातले. पदराला हात पुसत बाहेर आली. दारात बसून बूट घातले. वय झालं तरी तेच कॅनव्हासचे, नाड्यांचे. बांधायला पूर्वीसारखाच वेळ लागतो.

"येते, सर."

"ये," मी म्हणालो.